दुसऱ्या बोटाची शाई

मतदान केंद्रावर इंदुमती भोगटेच्या दोन बोटांना शाई लागली. डाव्या बोटाची तिच्या मताची, उजव्याची नवऱ्याच्या मताची. दिगंबर जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्याच्या मेंदूची जपलेली प्रत घरी रोज तिच्याशी बोलायची आणि कायद्याने मतही द्यायची. बटण मात्र जवळच्या माणसाने दाबायचं.

बारा वर्षांपूर्वी सार्वमताने मृतांना हा हक्क मिळाला, तेव्हा दिगंबर 'हो' म्हणाला होता आणि ती 'नको'. दोघांचं मत कधी जुळलंच नाही. तरी दर मतदानाला एकाच स्कूटरवरून जायचे आणि एकमेकांचं मत कापून यायचे.

आजच्या सार्वमतात प्रश्न होता, मृतांच्या प्रती चालू ठेवायच्या का?

पडद्याआड तिने त्याच्या प्रतीशी जोडलेलं यंत्र कानाला लावलं.

"माझं 'नको'," दिगंबर म्हणाला. "ज्यांना उद्या जगायचंय, त्यांनीच ठरवावं."

"आणि संध्याकाळी मी भांडायचं कुणाशी?"

तो म्हणाला, "माझं बटण दाब, इंदू."

तिने 'हो' दाबलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. तिने त्याचं 'नको' दाबलं. मग स्वतःच्या बटणापाशी बराच वेळ उभी राहिली.

बाहेर मुलीने विचारलं, "यंदाही बाबांचं मत कापलंस ना?"

"नाही गं," इंदुमती म्हणाली आणि उजवं बोट पदरात झाकून घेतलं. "या वेळी नाही कापलं."