हललीस तू

"हलू नकोस!" हे म्हणाले. जन्मभर लग्नांचे फोटो काढताना प्रत्येक नवरीला दिलेला दम आज माझ्या वाट्याला.

कंपवातामुळे जुना जड कॅमेरा उचलवेना, म्हणून लेकीनं हा हलका मिररलेस पाठवला. यांनी सवयीनं डावा तळवा लेन्सखाली धरला. पण तळव्यावर ओझंच नव्हतं. जुन्या वजनाखाली दबलेली थरथर मोकळी सुटली.

"खटका वाजला नाही."

"हा मुकाच आहे हो. निघाला असेल फोटो."

पडद्यावर मला तीन नाकं होती.

"हललीस तू," हे म्हणाले.

"माझं मेलं बूड एका जागी ठरतं कधी?"

हे हसले नाहीत. लेन्सचं झाकण लावू लागले. तेही बसेना. मी खिडकीबाहेर बघत, अजिबात न हलता बसून राहिले.