भीम्याचं लायसन

परीक्षक बारगीर साहेब केबिनमध्ये बसले आणि म्हणाले, "चल, आंबा घाट उतरून दाखव."

भीम्या निघाला. तो स्वतः चालणारा ट्रक होता. रस्ते, नियम, ब्रेक सगळं तो कारखान्यातूनच शिकून आला होता. तरी कायद्याप्रमाणे त्याला वर्षभर जुन्या ड्रायव्हर मालन लोहार यांच्या हाताखाली उमेदवारी करावी लागली होती. आज तो नापास झाला, तर त्याचं शिकलेलं सगळं पुसलं जाणार होतं. शेजारी बसलेल्या मालनमावशी रस्त्यावरची नजर हलवत नव्हत्या.

घाट छान उतरला. पण खालच्या गावात वऱ्हाडाची जीप रस्ता अडवून उभी होती. भीम्या थांबला, तो थांबूनच राहिला.

"हॉर्न का देत नाहीस?" साहेबांनी विचारलं. "वेळेचे गुण जातायत."

"जाऊ देत, साहेब," भीम्या म्हणाला. "नवरी आईच्या गळ्यात पडून रडतेय. आत्ता हॉर्न कसा देऊ?"

मावशींनी डोळे मिटून घेतले. हे त्यांनी कधी शिकवलंच नव्हतं.

साहेबांनी काच खाली करून नवरीकडे पाहिलं. मग ते हसले. "पास!"

रस्ता मोकळा झाला. साहेब उतरून गेले. पास झालेल्या ट्रकला माणूस लागत नसे, म्हणून मावशीही पिशवी उचलून उतरू लागल्या.

"बसा की, मावशी," भीम्या म्हणाला. "रत्नागिरीपर्यंत मी बोलू कोणाशी?"

मावशींनी पिशवी परत सीटवर टाकली. "चल. पण वाटेत मिसळ खायला थांबायचं!"