मागच्या फाटकानं

"मागच्या फाटकानं या, पुढचं दार अडकतंय," असं मिसेस पेनिंग्टननी फोनवरच सांगितलं होतं. उलट फोन करू नका, असंही बजावलं होतं. म्हणून ग्लेनिस चिखल चुकवत बागेतून स्वयंपाकघराच्या दाराशी आली. तिनं हात उचलायच्या आधीच दार उघडलं.

हॅरोगेटच्या या श्रीमंत भागातलं एक तरी घर मिळावं म्हणून ग्लेनिस दोन वर्षं झुरत होती. तिचा साफसफाईचा धंदा म्हणजे ती, चार बायका आणि एक व्हॅन. गेल्या महिन्यात एक मोठं ऑफिस हातचं गेलं होतं. आता हे घर मिळालं नाही तर चौघींतल्या एकीला घरी बसवावं लागणार होतं, आणि तेच तिला जमण्यासारखं नव्हतं.

मिसेस पेनिंग्टन बुटक्या होत्या, पन्नाशीच्या, फिलिपिनो. अंगात उंची रेशमी शर्ट, खांद्यात जरा सैल. नवरा इंग्रज असणार, ग्लेनिसनं मनाशी ठरवून टाकलं. कुणाच्या घरात कोण मालकीण शोभतं, हे बघणारे आपण कोण?

"चहा घ्याल ना?"

"चहाला नाही म्हणणारी यॉर्कशरमध्ये जन्मली नाही अजून."

ग्लेनिस खूश झाली. तीस वर्षं लोकांची घरं पुसून तिला एक पक्कं कळलं होतं: जी बाई आपल्या हातानं चहा देते, तिच्याकडचं काम टिकतं. इथे तर पाच मिनिटांत चहा आला, तोही चांगल्या कपात, बशीसकट. बाईंनी स्वतःला मात्र सिंकखालच्या कपाटातून टवका उडालेला मग काढला आणि उभ्याउभ्याच प्यायल्या. श्रीमंतांच्या एकेक तऱ्हा, दुसरं काय.

मग त्यांनी घर दाखवलं. वरच्या न्हाणीघराला पस्तीस मिनिटं लागतात. फरशीच्या सांधी जुन्या दातांच्या ब्रशनं घासायच्या. जिन्याच्या कठड्याला मेण गुरुवारी. सफाईचं कुठलं औषध कुठल्या खणात, सगळं तोंडपाठ. घर तर आधीच लखलखत होतं. बाप रे, ही तर सासूला लाजवेल, ग्लेनिसच्या मनात आलं. पण कडक गिऱ्हाईकाचं तिला वावडं नव्हतं. ज्यांना काम कळतं, त्यांना कामाची किंमतही कळते.

परत स्वयंपाकघरात आल्यावर बाईंनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. ग्लेनिसनं दारोदार टाकलेल्या जाहिरातीतलाच एक. त्यांनी तो उलटा करून टेबलावर सपाट केला.

"हे मागे लिहिलंय ते खरं? 'आमच्या बायकांचा पासपोर्ट त्यांच्याच पर्समध्ये असतो'?"

ग्लेनिसला इतका आनंद झाला की तिनं कपच खाली ठेवला. ही ओळ छापायची म्हणून नवऱ्याशी, डेरेकशी, तिचं कडाक्याचं भांडण झालं होतं. फरशी पुसायची जाहिरात आहे की पोलीस चौकीची पाटी, असं तो म्हणाला होता. दोन वर्षांत ती वाचणारी ही पहिलीच.

"अगदी खरं. नवी बाई आली की मी आधी तिला एकटीला चहाला बसवते. कुणी सोडायला आला असेल तर त्याला बाहेर थांबवते. मग विचारते: पासपोर्ट कुठंय, फोन कुणाकडे असतो, सुट्टीला कुठे जातेस? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही की समजायचं."

"काय?"

"की कुणीतरी बांधून ठेवलंय. दोरी दिसत नाही, एवढंच."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा.

"पण कागद नसले तर पोलीस त्या बाईलाच धरत असतील."

"असं सांगूनच तर जखडून ठेवतात हो. आमची योर्डांका बल्गेरियाची. आधी एका गाड्या धुवायच्या ठिकाणी होती, तिथं हेच सांगितलेलं. आधी मदतीच्या नंबरवर फोन केला, मग चौकीत गेलो. धरलं ते मालकाला. तिला कुणी वेडंवाकडं बोललंसुद्धा नाही. आता तीच मला दटावते, व्हॅन नीट चालव म्हणून."

"तुम्ही स्वतः गेलात? तिच्याबरोबर?"

"मग काय एकटीला पाठवू? दिवसभर बसले तिच्याशेजारी. आमच्या ह्यांना दोन्ही वेळा टोस्ट खावा लागला, अजून बोलून दाखवतात."

बाई पहिल्यांदाच हसल्या, तोंडावर हात धरून. रेशमी बाहीतून बाहेर आलेला तो हात ठिकठिकाणी फुटलेला होता, ग्लेनिसच्या हातासारखाच. बागकामाची हौस दिसते, ग्लेनिसला वाटलं. तिला ही बाई फार आवडली होती. काम मिळणार, चौघीही राहणार, आणि वर माणूसही चांगलं.

"मग काय ठरवलंत?" तिनं हळूच विचारलं. "सोमवारपासून पाठवू का कुणाला?"

"तुमची व्हॅन कुठंय?"

"मागच्या गल्लीत. का हो?"

बाईंनी रेशमी शर्टाची बटणं सावकाश सोडली. आत विटका राखाडी झगा होता. शर्ट त्यांनी झटकला, हँगरला लावला, कॉलर बोटांनी सारखी केली आणि दाराच्या मागे अडकवला. मग सिंकखालच्या कपाटातून, मगच्या जागेमागून, गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी ओढून काढली आणि छातीशी धरली.

"चला," त्या म्हणाल्या. "मिसेस पेनिंग्टन चार वाजता घरी येतात."