लाल किटली

नर्सने गाडीची किल्ली अर्धी फिरवली आणि समोर दोन लाल दिवे लागले. एक बॅटरीचा. दुसरा ऑइलचा, किटलीसारखं चित्र असलेला.

पोरगी खिडकीतून आत डोकावून किटलीकडे बघत होती. ही जुनी गाडी नर्सला विकणारे तिचे बाबा गॅरेजच्या दारात हात पुसत उभे होते. तिथून त्यांना दिवे दिसत नव्हते. काल संध्याकाळी त्यांनीच त्या किटलीमागचा बल्ब काढून आगपेटीत टाकला होता आणि इंजिनात दाट तेल ओतलं होतं. आज सकाळी ते अंघोळीला गेल्याबरोबर पोरीने चार स्क्रू काढले, मीटर पुढे ओढलं आणि बल्ब होता तिथे बसवला. उगाच नव्हते बाबा तिला फिटरबाई म्हणत.

आता तिला तोंड उघडायची गरजच नव्हती. इंजिन चालू झालं तरी किटली लालच राहणार, नर्स विचारणार हे काय, बाबांना सांगावं लागणार की तेलाचा दाब टिकत नाही. गाडी जागेवरच राहणार. घरात भांडण नाही की काही नाही.

नर्सने किल्ली पुढे फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. बॅटरीचा दिवा विझला.

किटलीही विझली.

थंड इंजिन आणि दाट तेल, हे पोरीच्या लक्षातच आलं नव्हतं. गाडी तापून तेल पातळ होईपर्यंत दाब मस्त राहणार होता.

मागच्या सीटवर नर्सची आई केव्हाच पाय वर घेऊन बसली होती. "माझ्यासारखीच आहे गं ही," ती म्हणाली. "आधी खोकते, मग चालायला लागते."

बाबा खळखळून हसले. "आजी, तुम्ही दोघी शंभरी गाठणार बघा."

"रोज डोंगरापलीकडे जायचंय हिला," नर्स म्हणाली, मग पोरीकडे वळली. "काय गं फिटरबाई, तुझं काय मत? नेऊ ना बिनधास्त?"

शाळेत हल्ली ही पोरगी कुणाचं ऐकून घेत नसे. मागच्याच आठवड्यात भर वर्गात तिने गणिताच्या सरांची चूक काढली होती, तीही हात वर न करता. आत्ता तिने एकदा बाबांकडे पाहिलं.

"दिव्यांकडे लक्ष ठेवा, काकू."

"ठेवीन हं." नर्सने फोन समोरच्या कप्प्यात टाकला आणि झाकण लावून घेतलं. "गाडी चालवताना मी फोनला हात लावत नाही. कुणाचाही येवो. या फोनपायी किती जणांना टाके घातलेत मी."

गाडी कोपऱ्यावरून वळली. म्हाताऱ्या आईने मागच्या काचेतून हात हलवला.

जेवणाच्या सुमाराला बाबांचा फोन वाजला. हात तेलाने माखलेले, म्हणून त्यांनी करंगळीने स्पीकर लावला.

"दादा, चढ संपला बरं का. वरती सावलीला थांबलोय. गाडी काय सुरेख चढली. फक्त एक लाल दिवा लागलाय, किटलीचा. आई म्हणते, गाडीलाच चहा हवाय." मागून म्हातारीचं हसू ऐकू आलं, आणि त्याच्याही मागे, चालूच ठेवलेल्या इंजिनाची बारीक टकटक.

बाबा हसले नाहीत. त्यांनी फळीवरची आगपेटी उचलली आणि कानाशी हलवली. आत काही खुळखुळलं नाही. मग त्यांनी पोरीकडे पाहिलं.

पोरीने मान खाली घातली नाही. दिवा बोलला होता, उशिरा का होईना. आता बाबांनी एवढंच सांगायचं होतं, की आधी इंजिन बंद करा. बिनतेलाचं इंजिन वळण बघत नाही, उतार बघत नाही. असेल तिथे जाम होतं आणि चाकंही धरून ठेवतं. हे तिला शिकवलं कुणी? बाबांनीच.

"काही नाही हो, ताई," बाबा म्हणाले. पोरगी तापाने फणफणली की उशाशी बसून ज्या आवाजात बोलायचे, अगदी त्याच मऊ आवाजात. "वायरिंग जुनं झालंय, उगाच लागतो तो. आता तर सगळा उतारच आहे. निवांत जा."

"हो ना? मग त्यावर चिकटपट्टी लावून टाकते. जखमेवरची आहे माझ्या पर्समध्ये. सारखा डोळ्यात येतोय मेला."

"लावा की."

"काकू, थांबा..." पोरगी पुढे झेपावली. पण बाबांच्या करंगळीने फोन आधीच बंद केला होता.

बाबांनी नळ सोडला. साबण लावून, नखांच्या कडा घासून, सावकाश हात धुतले. "तू दिवा लावलास, तिने झाकला," ते म्हणाले. "झाली ना फिट्टंफाट? चल, जेवण गार होतंय."

ते आत गेले. ताटं मांडल्याचा आवाज आला.

पोरीने फोन उचलला आणि शेवटचा नंबर लावला. रिंग गेली. पूर्ण वाजून थांबली. तिने पुन्हा लावला. मग पुन्हा.

पलीकडे रिंग जातच होती. नर्स नियमाची पक्की होती.