अंगठ्यांची जागा

ट्रॅफिक हवालदार निवृत्त झाले आणि कुंडलिनी योगाच्या वर्गाला जाऊ लागले. तिथे त्यांना नमस्काराची मुद्रा शिकवली. तळवे घट्ट जुळलेले, कोपरं उचललेली, अंगठे छातीच्या मधल्या हाडाला टेकलेले. तेव्हापासून कुणाचे चुकीचे जोडलेले हात त्यांना बघवेनात. चौकात गाड्या अडवाव्यात तशी ते माणसं अडवून त्यांचे हात सरळ करत.

शेजारची म्हातारी वारली. भेटायला आलेल्यांपुढे हात जोडून रडणाऱ्या तिच्या मुलाचे अंगठेही हवालदारांनी ओढून छातीला लावले. हे पाहून हवालदारांच्या बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येताच तिने बॅग भरली. दारात ती खाली ठेवली आणि हात जोडले. "धन्य आहे तुमची! मी लेकीकडे चालले, आता बोलावू नका."

हवालदार धावत आले. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. निदान आता तरी 'जाऊ नकोस' म्हणतील, असं तिला वाटलं.

"अगं, अंगठे सुटलेत तुझे," ते कळवळून म्हणाले. "अशाने मनाला शांती कशी मिळणार?"



"मिळेल की, आता मिळेल," म्हणत तिने बॅग उचलली.