हाताचा गुण

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई पलंगावरच पडून होत्या. त्या सकाळी त्यांची एक पोटरी सुजून दगडासारखी झालेली पाहून पूर्णिमा कोमट तेल घेऊन बसली आणि तिनं पाय चांगला रगडून काढला. लग्न झाल्यापासून सुनेशी धड न बोललेल्या सासूबाई पहिल्यांदाच म्हणाल्या, "तुह्या हाताले गुण आहे वं पोट्टी." एवढं बोलल्या आणि छाती धरून धापा टाकायला लागल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरली होती, ती सुटून वर गेली आणि फुप्फुसात अडकली, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग विचारलं, "किसी ने मालिश तो नहीं की थी?"

सौमित्रनं बायकोकडे पाहिलं. "नहीं सर," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही.

तेराव्याला चौबे कॉलोनीतल्या घरात बायका दाटल्या होत्या. मावससासूबाईंनी पूर्णिमाचे दोन्ही हात धरून सगळ्यांपुढे केले.

"जीव गेला तवा माह्या बहिणीचे पाय ह्याच हातात होते. असे हात साऱ्या सासवायले भेटो!"