ओपन किचन

शॉननं काचेचं नवं दार उघडून धरलं आणि बापाला म्हणाला, "ये ना डॅडी. बघ, आपलं दुकान."

जॉन उंबरठ्यावर थांबला. त्याचा डावा हात आपोआप दाराशेजारच्या भिंतीवर गेला आणि वरखाली फिरत राहिला. तिथे पूर्वी बटणं होती. आधी दिवा, मग पंखा, मग येशूच्या तसबिरीखालचा तांबडा बल्ब, ही त्याची लग्नाआधीपासूनची सवय. आता दिवे शॉनच्या मोबाईलवरून लागतात. जॉनच्या बोटांना नुसत्या विटा लागल्या, त्याही चिकटवलेल्या. प्लास्टर फोडलं तेव्हा आत खऱ्या विटा निघाल्या होत्या, पण त्या म्हणे पुरेशा जुन्या दिसत नव्हत्या.

अंधेरीच्या गावठाणातल्या या कॉफीच्या दुकानाचा कायापालट अपूर्वा नावाच्या डिझायनरनं केला होता. मुलगी गुणी होती, तिला बोल लावण्यात अर्थ नाही. कोपऱ्यावर नवं कॅफे आलं आणि कॉलेजची पोरं तिकडे वळली, तेव्हा दुकान बदला नाहीतर बंद करा, एवढंच हाती उरलं होतं. तिनं हिरवा ऑइलपेंट घालवला, बाकडी घालवली, छतातून नागडे बल्ब सोडले. स्वयंपाकघराची भिंतही पाडली.

"त्या छोट्या खिडकीमुळे जागा कोंदट वाटते, आंटी," ती शॉनच्या आईला, ज्युलियाला म्हणाली होती. "ओपन किचन करू. तुम्ही सगळ्यांना दिसाल."

ज्युलियाला ते आवडलंही होतं. आयुष्यभर ती त्या खिडकीतून कप बाहेर सरकवत आली. गिऱ्हाइकांनी तिचा चेहरा तेवढा पाहिला होता. कुणीतरी आपल्याला अख्खं बघावं, असं तिला या वयात वाटलं, तर त्यात तिचं काय चुकलं?

जॉनला विसरायला होऊ लागलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, घरातलं काही हलवू नका. ज्युलियानं ते शब्दशः पाळलं. विरलेला पडदा बदलला नाही, कान तुटलेला कप टाकला नाही. तरी घरी तो तिला कधी बाई म्हणायचा, कधी सिस्टर. माणूस घरी फक्त झोपायला यायचा, त्याचा जन्म दुकानात गेला होता, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही. डॉक्टर घर म्हणाले, यांनी घर सांभाळलं. दुकानात मात्र खिडकीत तिचा चेहरा दिसला, की तो न चुकता हाक मारायचा, "ज्युलिया, दोन कॉफी!" त्या एका हाकेवर ती दिवस काढत होती. दुकानाचं काम चालू होतं तेवढे दिवस तिला घरात तिच्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

आता ती काउंटरमागे उभी होती, काळा नवा एप्रन बांधून. जुनी खिडकी होती बरोबर तिथेच. संध्याकाळी फादर येऊन दुकानाला आशीर्वाद देणार होते, पण तिला त्याची घाई नव्हती. तिला फक्त ती हाक हवी होती.

जॉननं तिच्याकडे पाहिलं. परक्या ठिकाणी माणूस हसतो तसा हसला आणि शॉनकडे वळला.

"टेबल मिळेल का?"

"डॅडी, काय मस्करी करतोस? तुझंच दुकान आहे हे."

"मी एकटाच आहे. कोपऱ्यात पण चालेल."

शॉनचा चेहरा उतरला. त्यानं बापाला खुर्चीवर बसवलं आणि काउंटरपाशी येऊन हळूच म्हणाला, "होईल त्याला सवय, मम्मी. थोडा टाइम लागेल ना."

"माझी खिडकी कुठाय?"

"कुठली खिडकी?"

"स्वयंपाकघराची रे. ती लाकडी चौकट. आण, आणि लाव इथे. कशी पण लाव."

"ती भिंतीच्या डेब्रिजबरोबर गेली गं, टेम्पोत. आता कुठून आणू?"

ज्युलियानं काउंटरची कड धरली आणि सावकाश खाली बसली, गुडघ्यांवर. गुडघे बोलले, पण ती बसली. आता काउंटरच्या वर तिचा चेहरा तेवढा उरला होता, पूर्वी खिडकीत दिसायचा तसा. शॉननं मान फिरवली. आईला असं बघणं त्याला सोसेना.

"जॉन," तिनं हाक मारली. "किती कॉफी करू?"

जॉननं वर पाहिलं. त्या चेहऱ्याकडे तो बघतच राहिला. मग खुर्ची सरकवून उठला आणि तिच्याकडे येऊ लागला. त्याच्या कपाळावर आठी होती, ओठ हलत होते. ज्युलियानं श्वास रोखून धरला.

तो काउंटरवरून वाकला आणि गुडघ्यांवर बसलेल्या तिला त्यानं नीट पाहिलं.

"काही पडलं का, बाई?"

तिचे डोळे भरून आले. जॉन पहिल्यापासून मायाळू माणूस, कुणाच्या डोळ्यांत पाणी बघून त्याला कधी गप्प राहता आलं नाही. तो काउंटरला वळसा घालून आत आला आणि तिच्या शेजारी ओणवा होऊन नव्या, चकचकीत लादीवर हात फिरवू लागला.

"रडू नका," तो म्हणाला. "काय हरवलंय तेवढं सांगा. सापडेल इथेच."